उपबटू ताऱ्यांची निरीक्षणे : ग्रूमब्रिज १८३० एका वर्षाने

गेल्या मार्चमध्ये टिपलेल्या छायाचित्रावर या मार्चमधले छायाचित्र बसवले, तेव्हा आजूबाजूचे सगळे तारे एकमेकांवर नेमके बसले आणि ग्रूमब्रिज १८३० हा तारा तेवढा जवळजवळ पाच पिक्सेल सरकलेला दिसला. माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल दीड विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे; म्हणजे सरक सुमारे सात विकलांची भरली आणि ती या ताऱ्याच्या ज्ञात निजगतीशी, म्हणजे आकाशात दरवर्षी होणाऱ्या त्याच्या स्वतःच्या सरकण्याशी, जुळली. पराशयामुळे, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची जागा बदलल्यामुळे, येणारी सरक मोजमापात मिसळू नये, म्हणून दोन्ही वेळा महिना एकच ठेवला होता.

हा तारा साधारण ३० प्रकाशवर्षांवर असून त्याची दृश्य प्रत (दिसणारी तेजस्विता; आकडा मोठा तितका तारा मंद) ६.४ आहे. यावरून निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक प्रमाण अंतरावरून दिसेल ती प्रत, ६.६ च्या आसपास येते, तर जी८ या वर्णपटीय वर्गातल्या नेहमीच्या मुख्य क्रमातील (तापमान-तेजस्विता आकृतीत बहुतेक तारे ज्या पट्ट्यात येतात त्यातील) ताऱ्याची ती ५.५ च्या जवळपास असते. अशा मुख्य क्रमाखाली पडणाऱ्या ताऱ्यांना जेरार्ड कायपर यांनी १९३९ मध्ये ‘सबड्वार्फ’ म्हणजे उपबटू हे नाव दिले. तेजस्वितेनुसार पाडलेल्या वर्गांत त्यांचा दीप्तिवर्ग सहावा. मला मात्र हे नाव थोडे दिशाभूल करणारे वाटते. अशा ताऱ्यांत धातू (खगोलशास्त्रात हायड्रोजन व हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्ये) कमी असल्यामुळे ताऱ्याचे बाह्य थर प्रकाशाला कमी अडवतात आणि तेवढ्याच वस्तुमानाचा तारा अधिक लहान, उष्ण व निळसर होतो. म्हणून तापमान-तेजस्विता आकृतीत, जिथे उष्ण तारे डावीकडे असतात, तो खाली गेल्यासारखा दिसत असला, तरी खरे तर डावीकडे सरकलेला असतो. प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या विवर्तन जाळीने घेतलेल्या वर्णपटात ५१७ नॅनोमीटरजवळची मॅग्नेशियमची खाच तुलनेच्या ताऱ्यापेक्षा उथळ आली, हे पाहून फार समाधान वाटले.

थंड, तांबड्या ताऱ्यांच्या एम वर्गात वर्गीकरणाची युक्ती याहून सुंदर आहे. टायटॅनियम ऑक्साइडच्या रेणूला हायड्रोजनपेक्षा जड अशी दोन मूलद्रव्ये लागतात, कॅल्शियम हायड्राइडला एकच. त्यामुळे धातू घटत गेले की ऑक्साइडचे पट्टे आधी विरळ होतात. या दोहोंच्या तुलनेवरून जॉन गिझिस यांनी १९९७ मध्ये ‘एसडी’ (उपबटू) आणि ‘ईएसडी’ (टोकाचे उपबटू) असे गट पाडले, आणि २००७ मध्ये सेबास्टियन लेपिन व सहकाऱ्यांनी त्यांत सर्वांत धातुविरळ ‘यूएसडी’ गटाची भर घातली. ‘एसडीबी’ आणि ‘एसडीओ’ हे उष्ण तारे नावापुरतेच यांचे नातलग आहेत, कारण ते हायड्रोजनचे आवरण गमावलेले उत्क्रांत तारे आहेत.

पुढचे लक्ष्य ८.९ प्रतीचा काप्टाइनचा तारा, वर्ग एसडीएम१, म्हणजे एम१ वर्गातला उपबटू. त्याच्या वर्णपटात हायड्राइडचा पट्टा ऑक्साइडपासून वेगळा ओळखता येतो का, ते तपासायचे आहे.