डायमंडसाठी अजून थोडं

"आता कंपनी बदलली तर परत शून्यावर येऊ हो!" सिंगापूरच्या क्रूझवर जेवताना शेजारचे ठाण्याचे काका म्हणाले. काकूंना नॉर्वेचे फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, बघायचेत. दुसऱ्या कंपनीची तारीख जुळतेय, भाडंही कमी. पण या कंपनीचा नेहमीच्या प्रवाशांसाठीचा 'डायमंड' दर्जा काकांचा थोडक्यात राहिलाय ना.

काकूंनी काही न बोलता पर्समधून लसणीची चटणी काढली आणि भातावर घेतली.

काकांच्या या रॉयल कॅरेबियन क्रूझ कंपनीत साध्या केबिनला रात्रीमागे एक पॉइंट, स्वीटला (मोठ्या, महागड्या खोलीला) दोन. डायमंडला लागतात 80. म्हणजे चार रात्रींच्या वीस फेऱ्या! त्यावर मुख्य फायदा काय, तर रोज चार ड्रिंक फुकट. काका दारूला शिवत नाहीत. कॉफी घेणार म्हणे.

बरं, नियम तरी कुठे कायमचे? कार्निव्हल या आणखी एका क्रूझ कंपनीने 2025 मध्येच जाहीर केलं, जून 2026 पासून दर्जा रात्रींवर नाही, खर्चावर ठरणार.

सतत फिरणाऱ्यांचं ठीक आहे. पण वर्षाकाठी जेमतेम एकदा जाणाऱ्याने मार्ग आणि भाडं सोडून पॉइंट कशाला मोजायचे?

इथे कोणी डायमंड आहे का? खरंच एवढा फरक पडतो?