भरलेली बाटली

परवा नवरा जाम वैतागला. पॅसेजमध्ये रद्दीचे गठ्ठे, बेडखाली रद्दीचे गठ्ठे, आणि रात्री पाणी प्यायला उठला तर अंगठा ठेचला त्याचा. त्याला शांत करता करता लक्षात आलं की ही सगळी भानगड कशी सुरू झाली ते मी कुठे लिहूनच ठेवलेलं नाहीये. म्हणून ही पोस्ट.

तर माझी मुलगी तिसरीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, लालबागच्या एका गल्लीत. माझे सासरे याच शाळेत शिकले, मग मिलमध्ये लागले आणि १९८२ च्या संपात घरी बसले. आता गल्लीतल्या निम्म्या चाळी पडून टॉवर आलेत, जुनी बिऱ्हाडं विरार-बदलापूरला गेली, त्यामुळे शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा खाली येतोय. अनुदानित म्हटलं की लोकांना वाटतं सगळं सरकार देतं, पण खरं म्हणजे शिक्षकांचे पगार सुटतात आणि बाकी नळ गळला, पंखा बंद पडला की संस्थेने बघायचं, आणि संस्थेकडे तरी कुठून येणार.

पालक-शिक्षक संघात मी काही हौसेने गेले नव्हते. खाजगी शाळांना हा संघ करावाच लागतो, २०११ च्या फी नियमनाच्या कायद्यातच तसं आहे, इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून समिती निवडतात आणि त्यात निम्म्या बायका लागतातच. पहिल्या सभेत बाईंनी विचारलं कोण इच्छुक, सगळे खाली बघायला लागले, मी नेमकी वर बघत होते. झालं, चिठ्ठीत नाव आणि लगेच व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये ॲड. (शाळा व्यवस्थापन समिती हे प्रकरण वेगळं बरं का, ती शिक्षण हक्क कायद्यातली, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात. मला दोघींतला फरक कळायला एक वर्ष गेलं.)

दुसऱ्या की तिसऱ्या मीटिंगला विषय होता स्मार्ट टीव्ही. किती इंची, कुठल्या वर्गात, वगैरे चाललं होतं आणि दोन बाबा लोक तर डिस्काउंटपर्यंत पोचले होते. तेवढ्यात मागे बसलेल्या दुसरीतल्या एका मुलीच्या आईने हळूच विचारलं, "तुमच्या मुलींच्या बाटल्या पण भरलेल्याच परत येतात का हो?"

एक मिनिट कोणी काही बोललंच नाही. मग मी म्हटलं, हो, आमची पण. मग अजून एक. मग अजून चार. आम्ही प्रत्येकजण घरी पोरीला ओरडत होतो की पाणी का पीत नाहीस, आणि कारण एवढंच होतं की मुलींच्या बाथरूमच्या चार दारांपैकी तीन दारांना कडीच नव्हती आणि चौथं दार ओलीने फुगून लागतच नव्हतं, म्हणून पोरी सकाळपासून सुटेपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. बाईंना माहीत नव्हतं, कारण त्यांचं बाथरूम वेगळं. आणि पोरी घरी सांगतील तर शपथ.

टीव्हीचा विषय तिथेच बारगळला.

आता पैसे. सगळ्यांकडून पाचशे-पाचशे काढा म्हणणारे होतेच, पण पालकांकडून सक्तीने देणगी घेता येत नाही, १९८७ पासून कॅपिटेशन फी (ठरलेल्या फीच्या वर मागितलेले पैसे) बंदीचा कायदा आहे आणि तसंही आमच्यात निम्म्या घरांत पाचशे म्हणजे विचार करूनच काढायची रक्कम. मग एका भावी नगरसेवकांचा निरोप आला की सगळा खर्च मी करतो, फक्त दारांवर माझं नाव आणि फोटो लावा. मुलींच्या संडासाच्या दारावर! आम्ही इतकं हसलो की नाही म्हणायचं काम मुख्याध्यापिकांवर टाकावं लागलं.

शेवटी रद्दी ठरली. रद्दी देताना कुणाला लाज वाटत नाही आणि कुणी जास्त दिली कुणी कमी हे दिसत पण नाही. पहिल्या महिन्यात १८० किलो जमली, किलोला बारा रुपये, म्हणजे २१६० रुपये. त्यात कड्या आल्या असत्या, दारं नाही. म्हणून मग डिसेंबरमध्ये आनंदमेळा.

इथे मात्र लालबागचा फायदा झाला. आमच्याकडे ज्याने आयुष्यात एकदा तरी मंडळाचं पावतीपुस्तक हातात घेतलेलं नाही असा बाप्या सापडणं कठीण. टेबलं मंडपवाल्याने फुकट दिली, लायटिंगचं मंडळाच्या पोरांनी बघितलं, भेळ, सँडविच, उकडलेले चणे असे स्टॉल पालकांनीच लावले, आणि शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसं बदलापूरहून लोकलने पोरांना घेऊन आली, फक्त आपला बाक दाखवायला. चूक एकच झाली. खाऊची कुपनं आम्ही पैसे वाचवायला साधी झेरॉक्स काढली होती, तर चौथीतल्या काही महाभागांनी ती पुन्हा झेरॉक्स केली. भेळेच्या स्टॉलवर विकलेल्या कुपनांपेक्षा त्रेचाळीस जास्त कुपनं जमा झाली. पुढच्या वेळी शिक्का.

रात्री पहिलीच्या वर्गात बसून पैसे मोजले. एवढ्या बुटक्या बाकांवर आम्ही सहा बायका, नोटांना चटणीचा वास, दहाची नाणी डब्याच्या झाकणात. माझं दोनदा चुकलं. एका मुलाच्या आईची वडापावची गाडी आहे, एरवी मीटिंगमध्ये त्या कधी बोलायच्या नाहीत, त्यांनी माझ्या हातातून गड्डी काढून घेतली आणि बोटाला थुंकी न लावता अशी सरसर मोजली की बँकवाला बघत राहील. सामानाचा खर्च जाऊन १९,४०० उरले. पैसे संस्थेच्या खात्यात, कारण संघ काही ट्रस्ट नाही, देणगीची पावती संस्थाच देऊ शकते. एका माजी विद्यार्थ्याने वेगळे पाच हजार रोख देऊ केले तेव्हा ऑफिसमधले सर म्हणाले, चेक द्या किंवा ट्रान्सफर करा, रोख दोन हजारांच्या वर दिले तर तुम्हाला देणगीवरची इन्कम टॅक्सची ८०जीची सूट मिळणार नाही.

चार पीव्हीसीची दारं १०,४०० ला आली. बसवली एका सुतार बाबांनी, मजुरी घेतली नाही, फक्त त्यांच्या लेकाला पूर्ण वेळ समोर उभं राहून बघायचं होतं तेवढी परवानगी मागितली. कडी कुठे लावायची यावर वाद झाला, मोठ्यांच्या हिशोबाने वर लावली असती तर पहिलीच्या पोरींचा हात पोचला नसता. मग एका पहिलीतल्या मुलीला बोलावून दाराशी उभं केलं, तिने हात वर केला आणि तिथे पेन्सिलची खूण. हिशोब तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लावला, त्रेचाळीस कुपनांसकट.

बाटल्या आता रिकाम्या येतात. माझ्या कन्येची मात्र अजून अर्धी भरलेली असते, ती म्हणते पाणी गरम होतं. पुढचं काम वॉटर कूलर आहे, म्हणजे रद्दी चालूच.

यंदाच्या समितीत मी नाही. नवऱ्याला वाटलं सुटलो. पण नव्या समितीतल्या कुणाच्याच घरात पॅसेज नाहीये, आणि आमचा पत्ता आता सगळ्यांना पाठ झालाय. बुधवारी टेम्पो येतोय, लालबाग-परळच्या बाजूला कोणी असाल तर त्याआधी आणून द्या. आणि इंग्रजी पेपर वेगळे बांधा, त्याला भाव जरा जास्त मिळतो.