फीड-रीडर, पुढचा टप्पा: बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्ट एचटीटीपीएक्सकडे

फीड-रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटचे नवे लेख (फीड) एका जागी दाखवणारं आपलं अ‍ॅप, फास्टएपीआय या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर चालतो. नवा फीड जोडला की तो तिथल्या तिथे आणायचा आणि जुने फीड अधूनमधून तपासायचे, एवढंच त्याचं बाहेरचं काम. ते आता एचटीटीपीएक्स या पायथॉनच्या एचटीटीपी लायब्ररीकडे दिलं आहे. वेगाची तुलना मुद्दाम केली नाही, कारण फीड आणताना बहुतेक वेळ समोरच्या सर्व्हरची वाट बघण्यातच जातो. प्रश्न एकच ठेवला: समोरचा अडून बसला तर आपलं किती अडतं?

रिक्वेस्ट्स ही पायथॉनची नेहमीची लायब्ररी इथेच मागे पडते. टाइमआउट (किती वेळ वाट बघायची याची मर्यादा) दिला नाही तर ती थांबूनच राहते. दिला तरी ती सिंक्रोनस आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत दुसरं काही चालू देत नाही, त्यामुळे असिंक डेफ फंक्शनमध्ये वापरली की अख्खा इव्हेंट लूप (सगळी कामं आळीपाळीने चालवणारं चक्र) अडतो आणि एका मंद फीडपायी सगळ्यांची पानं लटकतात. साध्या डेफमध्ये ठेवली तर काम थ्रेडपूलमध्ये (बाजूला चालणाऱ्या थ्रेडच्या गटात) जातं, पण तिथे मुळात ४० जागा. तेवढे मंद फीड एकदम आले की पुन्हा तेच. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) छोट्या स्क्रिप्टसाठी मात्र खुशाल रिक्वेस्ट्सच घ्या.

एआयओएचटीटीपी ही असिंक लायब्ररी दमदार आहे, पण तिचा मूळचा एकूण टाइमआउट ३०० सेकंद. कोणी पानासमोर बसलेलं असताना हे फार झालं. बदलता येतो, पण बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. एचटीटीपीएक्स मुळातच ५ सेकंद काही हालचाल नसेल तर सोडून देते, शिवाय टेस्टसाठी मॉकट्रान्सपोर्ट (खऱ्या नेटवर्कशिवाय ठरलेली उत्तरं देणारा) सोबतच येतो.

क्लायंट (रिक्वेस्ट पाठवणारा एचटीटीपीएक्सचा ऑब्जेक्ट) एकच ठेवला आहे: अ‍ॅप सुरू होताना उघडायचा, बंद होताना मिटायचा. दर रिक्वेस्टला नवा केला तर टीसीपी आणि टीएलएसची जुळवाजुळव दर वेळी पहिल्यापासून. सध्याचे आकडे: कनेक्ट ३ सेकंद, रीड ५, राइट ५, पूल (उघड्या कनेक्शनच्या साठ्यातून एक मिळण्याची वाट) २, जास्तीत जास्त ५० कनेक्शन.

यातला रीड टाइमआउट नीट समजून घ्या. तो पूर्ण उत्तराला लागू नसतो, दोन तुकड्यांमधल्या शांततेला असतो. समोरचा सर्व्हर दर ४ सेकंदांनी एक-एक बाइट सोडत राहिला, तर ५ सेकंदांची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही आणि कनेक्शन तासन्‌तास अडकून पडतं. म्हणून फीड आणण्याच्या संपूर्ण कामाभोवती असिंकआयओ या पायथॉनच्या मॉड्यूलचा टाइमआउट २० सेकंदांचा लावला आहे. त्याला पायथॉन ३.११ किंवा पुढची आवृत्ती लागते.

आकाराचंही तसंच. उत्तराचा आकार सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ हेडरवर विसंबू नका: एक तर तो नसतो, किंवा जीझिपने दाबलेला आकार सांगतो. उत्तर स्ट्रीम करून (तुकड्या-तुकड्याने घेत) उलगडलेले बाइट मोजायचे, २ एमबी झाले की तोडायचं. स्ट्रीम असिंक विथमध्येच उघडा. ते बंद झालं नाही तर कनेक्शन पूलकडे परत येत नाही, आणि मग समोरचे सर्व्हर धडधाकट असतानाही पूलटाइमआउट (मोकळं कनेक्शनच न मिळाल्याच्या चुका) यायला लागतात.

रिट्रायचा (पुन्हा प्रयत्न करण्याचा) आकडा ट्रान्सपोर्टवर, म्हणजे प्रत्यक्ष कनेक्शन जुळवणाऱ्या भागावर, २ आहे, पण तो फक्त कनेक्शन न जुळल्यास लागू होतो. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) आणि ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) या उत्तरांसाठी वेगळा कोड लागतो. पुन्हा कधी यायचं ते सांगणाऱ्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सेकंद येतात तशी तारीखही येते, दोन्ही वाचा. आणखी एक खाचखळगा: स्वतःचा ट्रान्सपोर्ट दिला की क्लायंटवर लिहिलेली कनेक्शनची मर्यादा गुपचूप दुर्लक्षित होते. ती ट्रान्सपोर्टवरच लिहा.

ईटॅग (सर्व्हरने मजकुराच्या आवृत्तीला दिलेली खूण) जपून इफ-नन-मॅच हेडरमध्ये परत पाठवतो. ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, आलं की मजकूर उतरवायचाच नाही. समोरच्याचाही भार वाचतो, हे प्रत्येक फीड-रीडरने करायलाच हवं.

रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारं उत्तर) एचटीटीपीएक्स आपणहून पाळत नाही. ते तसंच बंद ठेवलं आहे. पत्ता वापरणारा देतो, आणि बाहेरचा साधा पत्ता १२७.०.०.१ (आपलंच मशीन) किंवा १६९.२५४.१६९.२५४ (क्लाउडमधला अंतर्गत माहितीचा पत्ता) कडे वळवू शकतो. म्हणून प्रत्येक उडीचा पत्ता तपासून, जास्तीत जास्त ५ उड्या आपणच मारायच्या.

राहिलेलं काम याच तपासणीतलं. आपण नाव तपासतो तेव्हा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) एक आयपी देतं, कनेक्शन जुळताना दुसरा देऊ शकतं. तेव्हा तपासलेल्या आयपीलाच कनेक्शन जुळवायचं, पण होस्ट हेडर आणि टीएलएससाठी मूळ नाव कायम ठेवायचं. हा बदल एचटीटीपीएक्सच्या खाली कनेक्शन उघडणाऱ्या नेटवर्क बॅकएंडमध्ये करावा लागेल. तो होईपर्यंत अ‍ॅपच्या प्रोसेसला अंतर्गत नेटवर्ककडे जाणारी वाट फायरवॉलनेच बंद ठेवायची.