चहाच्या थांब्यानंतर थरथरणारी गाडी

गिअरबॉक्सचे तेल गढूळ गुलाबी झालेली गाडी कोल्हापुरात आली, की पहिला संशय पुरावर जातो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ थेट महामार्गावर आले होते, आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे कोणाकोणाच्या दारात गेल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही. उद्यमनगरातील माझ्या गॅरेजमध्ये गेल्या उन्हाळ्यात आलेली सहा गिअरची ऑटोमॅटिक एसयूव्हीही जुनीच विकत घेतलेली होती. त्यामुळे आधीच्या गॅरेजने ‘पुरात बुडालेली गाडी’ असा निकाल देऊन तेल बदलले, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणीही बदलले आणि मालकांना मोकळे केले. दोन-अडीच महिन्यांत तक्रार पुन्हा सुरू झाली.

मालक व्यापारानिमित्त रत्नागिरीला नेहमी जाणारे. त्यांचे म्हणणे असे होते, की सपाटीवर गाडी ठीक चालते, साखरप्याहून आंबा घाट चढतानाही फारसे काही जाणवत नाही. मात्र वर आंब्याला चहासाठी थांबून पुन्हा निघाले, की साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते. हे सांगून झाल्यावर ते लगेच म्हणाले, “म्हणजे घाटाचाच ताण असणार.” मी मात्र चहापाशी अडकलो. घाटाचा ताण असता तर त्रास चढताना व्हायला हवा होता. गाडी उभी राहून, विश्रांती घेऊन निघाल्यावर त्रास वाढतो, याचा अर्थ ती उभी असतानाच काहीतरी घडत असले पाहिजे.

स्कॅनर लावून गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेली. सपाटीला तेलाचे तापमान ८५ ते ९० अंशांच्या आसपास होते आणि चढावर ते ११२ पर्यंत गेले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात, इंजिनकडचा पंखा आणि गिअरबॉक्सकडचे टर्बाइन यांच्या वेगात फरक असेपर्यंत सगळी घसरण तेलात उष्णता होऊन मुरते, म्हणून कमी वेगाच्या चढावर एवढी वाढ मी गैर मानत नाही. गैर होते ते पुढे. परतताना सपाटीवर, पंखा आणि टर्बाइन एकमेकांना जखडणारा लॉकअप क्लच लागल्यावर हा फरक जवळजवळ शून्यावर यायला हवा होता, पण तो मिनिटाला ४० ते ९० फेऱ्यांमध्ये सारखा वरखाली होत होता, आणि त्याच क्षणी गाडी रस्त्यावरच्या बारीक गतिरोधक पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरत होती. क्लच धरत होता आणि सुटत होता.

तेल काढले. लालभडक, पारदर्शक असायला हवे ते गुलाबी आणि अपारदर्शक झाले होते, आणि तापलेल्या पत्र्यावर चार थेंब टाकताच तडतडले. एवढ्यावरून तेलात पाणी आहे हे सिद्ध होते. ते कुठून आले हे सिद्ध होत नाही. वाटा दोन असतात. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूस हवा ये-जा करण्यासाठी ब्रीदर असतो, आणि गाडी त्याच्याही वर बुडली तर पुराचे पाणी तिथून आत शिरते. दुसरी वाट रेडिएटरमधली. या गाडीत तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला आहे, म्हणजे तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त एका पातळ धातूची भिंत असते.

गिअरबॉक्सच्या तळाचे, तेल साठणारे चेंबर उघडल्यावर पुराच्या बाजूने काहीच सापडले नाही. तळाला गाळ नव्हता, पोलादी भागांवर गंज नव्हता आणि धातूचे कण धरणाऱ्या चुंबकांवर नेहमीची राखाडी बारीक पूड होती. तिच्यासोबत क्लचच्या अस्तराचे काळे कण मात्र होते. शिवाय पुराचे पाणी एकदाच येते. तेल बदलल्यानंतर, आणि रोज नव्वद अंशांवर तापत असताना, त्याचा अंश इतका टिकत नाही. इथे पाणी अजूनही येत होते. मालकांना विचारले तेव्हा कळले, की कूलंटच्या टाकीत ते अधूनमधून थोडे थोडे ओतत असत, पण “उन्हाळ्यात उडतेच” असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांना त्यात विशेष वाटले नव्हते. बंद यंत्रणेतले कूलंट उन्हाळ्यात उडून जात नसते. कूलंटमध्ये तेलाचा तवंग मिळाला असता तर काम सोपे झाले असते, परंतु आधीच्या गॅरेजने टाकी धुऊन तो पुरावाच काढून टाकला होता.

मग दाबाची तपासणी केली. गिअरबॉक्सकडून येणारे कूलरचे दोन्ही पाइप सोडवले, एक बंद केला, दुसऱ्याच्या तोंडाशी पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडली आणि कूलंटच्या टाकीवर हातपंपाने १.१ बार दाब दिला. अर्ध्या तासात काटा हलला नाही, बाटलीही कोरडी राहिली. कागदावर रेडिएटर निर्दोष ठरत होता, आणि माझ्या हाताखालच्या मुलाने पुन्हा पुराचे नाव काढलेच.

पण ती तपासणी थंड रेडिएटरवर झाली होती, आणि मालकांची तक्रार तापलेल्या गाडीची होती. इंजिन चालू असताना कूलरमधल्या तेलाचा दाब बहुतेक वेळा कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे भिंतीला चीर असेल तर तेल कूलंटकडे जाते. इंजिन बंद होताच पंप थांबतो आणि तेलाचा दाब शून्यावर येतो. कूलंटचा दाब मात्र टिकून राहतो, उलट पाणी फिरायचे थांबल्याने इंजिनची साठलेली उष्णता त्यात उतरून तो काही वेळ वाढतो. घाट चढून आल्यावर चहाला थांबण्याचा वेळ नेमका हाच.

म्हणून तेल भरून गाडी पुन्हा पन्हाळ्याला नेऊन आणली, इंजिन बंद केले आणि टाकीच्या झाकणाला हात न लावता हातमोजे घालून कूलरचे पाइप लगेच सोडवले. आधी उरलेले तेल निथळले आणि नळी थांबली. काही मिनिटांनी तिच्या तोंडाशी हिरवट थेंब धरला, पडला, आणि त्याच्यामागून दुसरा आला. रेडिएटर निवत गेला तसे थेंब बंद झाले. पुढे रेडिएटरची टाकी कापून पाहिली, तेव्हा कूलर आणि पाइपच्या जोडाशी केसासारखी चीर मिळाली, जी थंड असताना नखालाही लागत नव्हती.

“तेल दोनदा बदलून भागेल का?” हा मालकांचा प्रश्न रास्त होता, कारण पर्याय महाग होता. परंतु क्लच प्लेटचे कागदी अस्तर पोलादाला डिंकाने चिकटवलेले असते. पाण्याने ते फुगते आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने डिंक सुटतो. चेंबरमधले काळे कण हे त्याचेच चिन्ह होते. म्हणून क्लच प्लेटा, सील आणि रेडिएटर नवे घातले, आणि टॉर्क कन्व्हर्टरही बदलला, कारण त्याच्या पोटातला लॉकअप क्लच बाहेरून धुता येत नाही. गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असते असे हल्ली सांगितले जाते; आमच्या घाटांत मला ते पटत नाही, पण या प्रकरणात त्याचा दोष नव्हता.

जोडणीनंतर कूलरचा परतीचा पाइप मापाच्या डब्यात सोडला. वीस सेकंदांत लिटरभर तेल आले, म्हणजे वाट मोकळी होती. या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नाही. गाडी समपातळीवर ठेवून, इंजिन चालू असताना, प्रत्येक गिअर एकदा लावून, तेल चाळीस अंशांना असताना तळाच्या बोल्टमधून धार संपून थेंब पडू लागले की पातळी बरोबर. इंजिन बंद ठेवून हेच केले तर तेल कमी भरले जाते, आणि ही चूक मी बऱ्याच गाड्यांत पाहिली आहे. नंतर घाटात नेले तेव्हा तापमान १०८ च्या वर गेले नाही, आणि अर्धा तास थांबून निघाल्यावरही लॉकअपचा फरक शून्याजवळ स्थिर राहिला. कूलंटच्या टाकीवर पातळीची रेघ मारून दिली आणि मालकांना सांगितले, की सकाळी गाडी थंड असताना ती बघायची, आणि खाली गेलेली दिसली तर वरून न ओतता आधी फोन करायचा.