ऑटो आयएसओ, गोरा बैल आन् आपण

कॅमेरा गळ्यात दिसला की आमच्याकडं पोट्टे दोनच गोष्टी विचारतात, कितीचा घेतला आणि मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं लावून, काढता का. दुसऱ्याचं उत्तर "हाव" आलं तरच तुम्ही फोटोग्राफर, नाही तं नुसते कॅमेरावाले. आणि मी म्हणतो की मोड मॅन्युअलच आहे पण आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा, ऑटोवर ठेवलाय, तर समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी उपास धरून मागच्या दारानं भजे खाल्ले.

मला हे सोवळंच कळत नाही. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) या दोन गोष्टी फोटोत डोळ्यानं दिसतात, बैलाचा खूर हवेत थांबला का पुसला गेला, मागचं तोरण साफ दिसते का विरघळलं, हे मी ठरवणार, त्यात कॅमेऱ्याचं काही ऐकायचं नाही. पण आयएसओ 400 होता का 640 हे फोटो पाहून कोणी सांगून दाखवावं. आणि फोटो रवाळ दिसला की दाणे दाणे म्हणून जे ओरडतात ना, ते मुळात प्रकाश कमी मिळाल्यामुळं येतात, आयएसओच्या आकड्यानं नाही. अंधारात कमी आयएसओवर काढून मग कॉम्प्युटरवर उजेड वाढवला तरी ते येतातच, कधी कधी तर जास्त येतात.

तालुक्याला एक स्टुडिओवाले काकाजी आहेत, यशिकाच्या रोलवाल्या कॅमेऱ्यावर लग्नं काढलेला माणूस, त्यांना हा वाद सांगितला तं ते हसले. म्हणे, "आमी रोल शंभरचा टाकला का छत्तीस फोटो होईपर्यंत शंभरच, मंधात बदलवतो म्हटलं तरी बदलवता येत नोहता बाप्पा." रोलवरचा तो शंभर म्हणजेच आयएसओ. म्हणजे पाहा, ज्या जुन्या लोकांच्या नावानं आपण मॅन्युअलची शपथ घेतो त्यांच्याजवळ शटर आणि अपर्चरच्या दोनच चकत्या होत्या फिरवायला. दर फोटोला आयएसओ बदलणं हे डिजिटलचंच लाड आहे, मग ते बोटानं बदललं काय आन् कॅमेऱ्यानं बदललं काय.

आता पोळ्याचं घ्या. आमचा वर्धा जिल्हा, गवळाऊ बैलाचा मुलूख, पांढरेशुभ्र बैल, अंगावर झूल, शिंगाला रंग, आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली ओळीनं उभे, आणि वरती श्रावण अमावस्येचं आभाळ जे मिनिटाला रंग बदलते. झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी गाणी, सुरू असतात, कोणी तरी महादेवापासून सरकारपर्यंत सगळ्यांना धुवून काढत असतो, आणि तेवढ्यात तोरण तुटते आणि बैल सुटतात. तिथं सेकंदाच्या 1/500 पेक्षा शटर हळू झालं की संपलं. मी शटर 1/500 आणि अपर्चर एफ/4 धरून ठेवतो आणि आयएसओ सोडून देतो, ढग बाजूला झाला की तो 250 वर येतो, परत काळं झालं की दोन हजारावर, तेवढ्या वेळात मी चकती फिरवत बसलो असतो तर बैल घरी जाऊन पुरणपोळी खाऊन मोकळे झाले असते.

पण याच आखरावर त्याची खोडही कळते. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला, पांढरं काळं काही समजत नाही, त्याला समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणायचं असते, पुस्तकात ज्याला 18 टक्के ग्रे म्हणतात तेच. म्हणून गोऱ्या बैलानं फ्रेम भरली की तो आयएसओ खाली ओढतो आणि बैल राखेत लोळल्यासारखा दिसतो, आणि बाजूलाच काळा बैल आला की त्याला उगाच उजळवतो. मालक फोटो पाहून म्हणते, "भाऊ, आंघोळ घातली होती ना मी, असा मातकट काहून दिसून रायला?" आता त्याला मीटर काय समजवायचं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करायची सोय, एक स्टॉप (उजेड दुप्पट) वर करायचं, बस. मात्र काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअलला ऑटो आयएसओ असला की कॉम्पेन्सेशन चालतच नाही, कॅमेरा घेताना हे पहिले पाहून घ्या, मेगापिक्सल नंतर पाहा.

कापसाच्या वेचणीत तर हे जास्तच. फुटलेल्या बोंडांचं आख्खं वावर आणि वर कडक ऊन, ऑटोवर काढला तर कापूस असा करडा येतो की व्यापाऱ्यानं पाहिला तर फोटोवरच भाव पाडेल. इथं ऑटो पाहिजेच कशाला? निरभ्र आभाळातलं ऊन दुपारभर तेच राहते. रोलच्या जमान्यातला हिशोब आजही चालतो, कडक उन्हात एफ/16 आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ 100 ला 1/100, आणि भोक दोन स्टॉप उघडून एफ/8 केलं तर 1/400. एकदा लावलं की बाई पांढऱ्या ओटीसकट समोर येवो का काळ्या मातीकडं वाकलेली असो, सगळे फोटो एकसारखे. ऑटोवर तेच दहा फोटो दहा उजेडाचे निघतात आणि मग रात्री बसा एकेक सारखा करत. शिवाय त्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही ते वेगळंच.

तर मला विचाराल तर भांडण ऑटो आणि मॅन्युअलचं नाहीच. उजेड बदलून रायला का समोरचा गडी, एवढंच पाहायचं. उजेड पळत असेल तर आयएसओ कॅमेऱ्याकडं, उजेड जागेवर आणि माणसं फिरत असतील तर आयएसओ आपल्या हातात.

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक काढायला गडचिरोलीतल्या वडशाकडं गेलं की दुसरा प्रकार चालतो. रात्रभराचं नाटक, स्टेजवर झगझगाट, मागं काळाकुट्ट पडदा. मीटर पडदा पाहून घाबरते, आयएसओ चढवते आणि नायकाचं तोंड पिठासारखं पांढरं. पण एका प्रवेशात उजेड सहसा तोच असते, म्हणून चेहऱ्यावर एकदा नेम धरून सगळं लॉक करायचं, प्रवेश बदलला की परत पाहायचं.

ऑटोवर ठेवणार असाल तर एक मर्यादा मात्र टाका. मी 6400 ला थांबवतो. ती गाठली की मॅन्युअलमध्ये कॅमेरा काही बोलत नाही, चुपचाप काळे फोटो देत राहते, म्हणून सांज पडली की व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडं मधूनमधून पाहत जा. भाचा म्हणते 6400 ला लय दाणे येतात मामा. येतात ना. पण त्याच्या मोबाइलवर पोळ्याचे तेच फोटो स्टेटसला होते, आणि त्याच्या बैलाचे चारही पाय मोजता येत होते.