चक्रांच्या पाकळ्या आणि आपली मुळाक्षरं

परवा भाचीची मुळाक्षरं घोटून घेत बसलो होतो आणि बाजूला माझी चक्रांची वही उघडी होती. ती मोठ्याने म्हणत होती क ख ग घ ङ, मी सहज बोटावर मोजत गेलो आणि ठ ला बारा झाले. योगात शरीरातली चक्रं कमळांसारखी कल्पिलेली असतात, वहीत हृदयातल्या अनाहत चक्राच्या बारा पाकळ्या, त्यांवर क पासून ठ पर्यंत अक्षरं. वाचलेलं होतं आधी, पण त्या दिवशी पहिल्यांदा कानाला कळलं.

म्हणजे बघा ना, कंठातल्या विशुद्धाला सोळा पाकळ्या, त्यावर अ पासून अः पर्यंतचे सोळा स्वर, आपण आता शिकवत नाही ते ॠ, ऌ, ॡ सुद्धा धरून. तिथून खाली हृदयात क ते ठ, नाभीशी मणिपूरात ड ते फ दहा, स्वाधिष्ठानात ब ते ल सहा, कण्याच्या तळाशी मूलाधारात व श ष स, आणि उरलेले ह आणि क्ष थेट भुवयांच्या मधे आज्ञाचक्रात. बेरीज पन्नास. अख्खी वर्णमाला गळ्यापासून खाली उतरत गेलीय, शरीरात लिहिलेली. साधक न्यास करतो म्हणजे हेच करतो, एकेक अक्षर त्या त्या जागी ठेवतो.

हे सांगायचं कारण, काही वर्षांपूर्वी मी एका चक्र बॅलन्सिंगच्या वर्कशॉपला गेलो होतो. भिंतीवर इंद्रधनुष्याचे सात रंग, खाली लाल, वर जांभळा. मला सांगितलं तुमचं मणिपूर ब्लॉक आहे, पिवळा रंग डोळ्यांपुढे आणा, पिवळा खडा घ्या. अक्षरांबद्दल एक शब्द नाही. मला खरंच वाईट वाटलं, पैशांचं नाही, एवढी खोल गोष्ट इतकी पातळ केली त्याचं. पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपण या ग्रंथात (1577 चं, बंगालमधलं, जॉन वुडरॉफने 1919 मधे इंग्रजीत आणलं तेच) मणिपूराच्या पाकळ्या पावसाच्या ढगासारख्या काळसर आहेत, आत लाल त्रिकोण, अग्नीचा. मूलाधारात पृथ्वीचा पिवळा चौकोन. इंद्रधनुष्य गेल्या शतकात पश्चिमेकडे चढवलं गेलं.

आणि सातच का? ही सहा चक्रं अधिक डोक्यावरचं सहस्रार ही मांडणी साधारण हजार वर्षांपूर्वीच्या कुब्जिका देवीच्या शाक्त परंपरेतून पुढे आली, पण गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ आहेत. बौद्ध हेवज्रतंत्रात चारच, नाभीत 64 पाकळ्या, हृदयात 8, कंठात 16, डोक्यात 32. इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्यांच्या जागी ललना, रसना, अवधूती. आपल्याकडे कुंडलिनी शक्ती मूलाधारात निजलेली असते, तिथे चांडाली नावाची आग नाभीत पेटते, तिच्या धगीने डोक्यातला हं हा बीजाक्षर वितळून खाली ठिबकायला लागतो. तिबेटी साधनेत नाभीत अ आणि डोक्यात उलटा टांगलेला हं धरतात. अ आणि हं. जोडून वाचा, अहं होतं आणि तेच तर वितळवायचंय!! हे कळलं त्या रात्री मला झोप नाही आली.

माझ्या मते यातलं कुठलं चूक नि कुठलं बरोबर हे विचारूच नये. ज्या साधनेला शरीर जसं बघायला हवं तसं तिने ते बघितलं, म्हणून आकडा बदलतो. एक्स-रे काढून सापडणारी ही वस्तू नाही.

बौद्धांकडचा आणि आपल्याकडचा, दोन्ही धागे आपल्या घरापर्यंत येतात. मच्छिंद्रनाथांना नेपाळात पाटणचे नेवार बौद्ध करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पूजतात, त्यांचा रथ ओढतात. आणि त्याच मच्छिंद्रांपासून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, आणि मग ज्ञानदेव. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं नाव नाही, ज्ञानेश्वरीत मात्र माउली तिथे थांबतात,

नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें ।
वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥

कुंकवाने न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून झोपलंय. जागं झालं की त्याला भूक लागते, हृदयाखालचं मांस खातं, तळहात तळपायसुद्धा सोडत नाही, सातही धातू पिऊन टाकतं, मग शांत होतं आणि त्या शरीराला नवी कांती येते. पाकळ्या मोजणं नाही, रंगांचा तक्ता नाही, नुसती भूक आणि तृप्ती. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, पिंडाने पिंडाचा ग्रास हा नाथांच्या संकेतातला विषय आहे, असं स्वतःच सांगतात.

आजी पारायणात इथे आली की आवाज खाली आणायची. कुंडलिनी हृदयात पोचली की तिचं ते नाव जातं, तिला मारुत म्हणतात, अशी ओवी आहे, तिथे ती पोथीवर बोट ठेवून जरा वेळ गप्प बसायची. मी विचारलं होतं एकदा, काय गं झालं? म्हणाली, नाव गेलं ना रे तिचं.