मान कुणाची?

पहिल्या वर्षाच्या पोरांना पडायला शिकवणं हे माझं काम आहे, आणि हे बाहेर कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं मी थट्टा करतेय. कंटेम्पररी डान्सची डिग्री म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर टीव्हीवरच्या शोमधल्या उड्या येतात, पोरंही तेच मनात धरून ॲडमिशन घेतात, आणि इथे मात्र दिवाळीपर्यंत आम्ही जमिनीवरच असतो. लोळायचं, श्वास सोडत एकेक मणका खाली न्यायचा, प्लिए करताना, म्हणजे टाचा टेकवून गुडघे वाकवताना, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का ते बघायचं. मग फॉल, म्हणजे ठरवून पडणं. डोरिस हम्फ्री नावाच्या बाईने शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत फॉल अँड रिकव्हरीचं तंत्र बांधलं, तिच्याकडे शिकलेल्या होझे लिमोनने ते पुढे वाढवलं. तोल जाणं आणि तोल परत सापडणं, या दोन्हीच्या मधे जे घडतं तोच नाच, असं तिचं म्हणणं होतं. मला ते शंभर टक्के पटतं.

आमचा स्टुडिओ म्हणजे जुना हॉल, शहाबादी फरशी आणि वरून व्हिनाइलचं, म्हणजे प्लॅस्टिकसारखं, अंथरूण. खाली लाकडी पट्ट्या आणि हवेची पोकळी असलेली, दाबली की जरा लवणारी फ्लोअर द्या म्हणून मी अर्ज करून थकले. फाइल वर गेली की प्रश्न येतो, नाचायला एवढी चांगली फरशी असताना लाकूड कशाला? कारण साहेब, अठरा वर्षांच्या पोरींच्या नडग्या दुखतात! पण गॅदरिंगला पाहुणे खुश झाले की डान्स डिपार्टमेंट छान चाललंय असं सगळ्यांचं मत होतं, नडग्यांचं कोण बघतंय.

तर माझ्या वर्गात एक मुलगी आहे, धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातली. सगळ्यांत स्थिर. एका पायावर उभी राहिली की हलायची नाही, चालणं असं की बाकीच्यांना मी तिच्याकडे बघा म्हणायचे. काउंटरबॅलन्स, म्हणजे एकमेकांच्या वजनावर तोल धरणं, मी फुगडीवरून शिकवते, कानबाई देवीपुढे फुगडी खेळून सगळ्यांना हात धरून मागे ओढून धरायची सवय असते, तिथेही ती एक नंबर. फक्त पडता यायचं नाही.

साइड फॉलमध्ये घोटा, गुडघा आणि खुबा एकदम मऊ करायचे, एक पाय दुसऱ्याच्या मागून सरकवायचा, मग नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला असं मांसल भागावरून खाली जायचं. धड आणि डोकं त्या वेळी उलट्या बाजूला झुकलेलं असतं, त्यामुळे कुल्ला आपटत नाही, टेकतो. हात सगळ्यात शेवटी, तोही जमिनीवरून लांब सरकत. गुडघ्याची वाटी, कोपर, मनगट फरशीवर आदळता कामा नये. हिचा हात मात्र आधीच ताठ बाहेर यायचा, तळवा खाली. असंच पसरलेल्या हातावर पडून मनगटं मोडतात. घाबरतेस का असं मी विचारलं तर म्हणाली, "पडानी भीती नही वाटस मॅडम, हात आपेआप जास."

त्या दिवशी ऑक्टोबर हीटमुळे व्हिनाइल पायाला चिकटत होतं, म्हणून रोल बंद ठेवून मी हिच्यावरच वेळ घातला. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि दोघींनी बघितलं. गुडघे बरोबर, खुबा बरोबर, डोकं मात्र शेवटपर्यंत एकाच पातळीवर, जरासुद्धा कलत नव्हतं. डोकं उभंच राहिलं तर धड झुकणार कसं, आणि धड नाही झुकलं तर वाचवायला हात येणारच. मग तिला उताणं झोपवलं, डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवले आणि म्हटलं, दे माझ्याकडे. माणसाचं डोकं पाचेक किलोचं असतं, तेवढं हातात यायला हवं. माझ्या हातात काहीच आलं नाही. झोपलेली असूनही डोकं तिनेच उचलून धरलं होतं.

घरी काय काय उचलतेस विचारलं तेव्हा कळलं की सातवीपासून हंडे वाहते. उन्हाळ्यात टँकर येतो तो वस्तीपासून लांब थांबतो, चुंबळीवर दोन हंडे आणि एक कमरेवर. ही मान कशी तयार झाली ते मला तिथेच समजलं.

बराच वेळ आम्ही काहीच केलं नाही, फक्त श्वास सोडायचा. मग एकदम वजन आलं, माझ्या हाताची मागची बाजू फरशीला टेकली. तिथून लगेच उकिडवं बसून फॉल, गुडघ्यावरून फॉल, आणि तास संपायच्या आत उभ्याने फॉल, हात शेवटी, लांब सरकत. वर्गात टाळ्या वाजवलेल्या मला चालत नाहीत, त्या दिवशी चालल्या. एक सहकारी दारातून बघत होते, आधी तेच म्हणायचे की हिला फॉलबिल सोडा, पुढच्या रांगेत उभी करा, उंची चांगली आहे. उंची बघून रांग लावणाऱ्यांनी पहिल्या वर्षाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोमवारी ती गावाहून परतली आणि तास संपल्यावर थांबली. पाणी भरताना वरचा हंडा डुगडुगला, अर्धा सांडला. आई म्हणाली, "तुनी मान ढिली व्हई गयी का वं?" मग मला विचारते, मॅडम, दोन्ही ठेवता येईल का?

मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. ती मान म्हणजे काही वाईट सवय नाही. माझ्या वर्गातल्या कुणालाही, मलासुद्धा, दोन हंडे घेऊन दहा पावलं चालता येणार नाही. मी तिला जे सोडायला लावते त्याच्यावर तिच्या घरचं पाणी येतं. परीक्षेच्या शीटवर फॉलला मार्क आहेत, हंड्याचा कॉलम कुठेच नाही.

सध्या आम्ही असं करतोय की ती स्टुडिओत हंडा आणते, वॉर्मअपमध्ये तो डोक्यावर घेऊन हॉलच्या फेऱ्या मारते, उतरवते, एक लांब श्वास सोडते आणि लगेच फॉल. पुन्हा हंडा, पुन्हा फॉल. धरलेली मान ते सुटलेली मान हा रस्ता तिला स्वतःला सापडला पाहिजे, आणि उलटाही. निवांत असली की जमतं. ताल वाढवला की हात अजूनही मधेच बाहेर येतो, म्हणून बॅक फॉल, म्हणजे मागच्या मागे पडणं, मी तिला अजून दिलेला नाही, तिथे चुकलं तर डोकंच आपटेल. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना काय सांगायचं ते बघू. गावाकडे मात्र आईने तूर्त एकच हंडा उचलायला सांगितलंय.